माहेरून आलं, बापाकडून आलं की इंद्रायणीच्या पाण्यातून?

प्रश्न : आम्ही आळंदीला राहतो. थोरली मुलगी एकोणीस वर्षांची, चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागली आहे. तेराव्या वर्षी तिची पाळी सुरू झाली. पण गेली तीनेक वर्षं ती दोन-दोन, कधी तीन-तीन महिन्यांनी येते. हनुवटीवर केसही यायला लागलेत. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत ‘बारीक गाठी’ निघाल्या आणि डॉक्टरांनी पीसीओडी सांगितलं. सासूबाई म्हणतात, हे तुझ्या माहेरून आलं. आमच्या घरात असलं कुणाला नव्हतं. शेजारच्या काकू म्हणतात, इंद्रायणीतल्या केमिकलमुळे. माझ्या मनात वेगळीच भीती आहे. मागच्या वर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालताना अडचण नको म्हणून मीच तिला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिल्या होत्या. मुलगी तर अंगानं बारीक आहे. मग हे आलं कुठून? धाकटी तेरा वर्षांची आहे, तिलाही होईल का?
— एक आई, आळंदी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात तीन संशयित उघड आहेत : माहेर, नदी आणि गोळ्या. चौथा तुम्ही अर्धाच बोलून सोडला आहे. मुलगी बारीक आहे म्हणताना, हा आजार फक्त जाड मुलींना होतो हे तुम्ही धरून चालला आहात. एकेकाची चौकशी करू. पण त्याआधी शरीरात नेमकं काय होतं ते पाहू, कारण तिथेच निम्मा गोंधळ आहे.

सोनोग्राफीत दिसल्या त्या गाठी नव्हेत. दर महिन्याला अंडाशयात स्त्रीबीजाच्या बऱ्याच इवल्या पिशव्या वाढायला लागतात. त्यांतली एक पुढे जाते, मोठी होऊन फुटते आणि बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये (तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं पीसीओडी ते हेच) पिशव्या वाढायला लागतात, पण बरेचदा पुढे एकही जात नाही. दोन ते नऊ मिलिमीटरच्या दरम्यान सगळ्या अडून बसतात. पडद्यावर अंडाशयाच्या कडेकडेनं जे काळे ठिपके दिसतात ते हेच. ते कापून काढायचे नसतात, ते फुटून विष पसरत नाही आणि त्यांचा कॅन्सर होत नाही.

पिशव्या अडतात का? मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाचं हार्मोन येतं. ते जास्त प्रमाणात येऊ लागलं की अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवतं. हे हार्मोन प्रत्येक बाईत थोडं असतंच. इथे ते वाढतं. त्यात इन्सुलिनची भर पडते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी सोडतं आणि हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन बनवायला आणखी चेव आणतं. शिवाय ते यकृताला एक प्रथिन कमी बनवायला लावतं. रक्तातलं पुरुषी हार्मोन बांधून ठेवणं हे त्या प्रथिनाचं काम. ते कमी झालं की मोकळं हार्मोन वाढतं. परिणाम दोन : हनुवटीवर केस येतात आणि पिशव्यांची वाढ अडते. बीज बाहेर पडलं नाही की त्यानंतर तयार होणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि पाळी लांबते.

निदानासाठी डॉक्टर तीन गोष्टी पाहतात : बीज वेळेवर सुटतं का, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा आहेत का, आणि सोनोग्राफी. २००३ साली रॉटरडॅममध्ये ठरलेल्या निकषांनुसार मोठ्या बायकांत तिन्हींपैकी दोन पुरतात. मुलींचा नियम मात्र वेगळा आहे. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवर निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही असे ठिपके भरपूर असतात. तुमच्या मुलीला अजून सहाच वर्षं झालीत. तिचं निदान टिकतं ते लांबलेली पाळी आणि हनुवटीवरचे केस या दोन गोष्टींवर. नुसता सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेल्या कितीतरी मुलींना हा आजार नसतोच, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

आता माहेर. सासूबाईंचं अर्धं म्हणणं बरोबर आहे : हे घराण्यातून येतं. नेदरलँड्समध्ये जुळ्या बहिणींच्या नोंदी तपासून २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच बीजापासून झालेल्या, म्हणजे हुबेहूब जुळ्या बहिणींत पीसीओएसचं साम्य वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्या बहिणींपेक्षा जवळपास दुप्पट निघालं. त्यावरून आनुवंशिकतेचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास धरला जातो. याचा अर्थ सत्तर टक्के मुलींना आईकडून होतं, असा नाही. एका समाजातल्या बायकांमध्ये या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा भाग जनुकांच्या फरकानं समजतो, इतकाच त्याचा अर्थ.

पण यात एकच एक जनुक नसतं. चिनी शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हजारो स्त्रियांचे नमुने तपासून तीन जागा शोधल्या. त्यांतली एक एलएचला प्रतिसाद देणाऱ्या जनुकाची होती, एक मधुमेहाशी नातं असलेली, आणि तिसरी डेंड१ए नावाची. ही तिसरी अंडाशयाच्या पेशींत पुरुषी हार्मोन वाढवते, असं पुढे दिसलं. युरोपीय वंशाच्या दहा हजारांवर रुग्ण स्त्रियांच्या २०१८ मधल्या अभ्यासात अशा चौदा जागा निघाल्या. आपल्याकडे मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी पीसीओएसशी संबंध असलेल्या जनुकांचा माहितीकोश तयार केला आहे आणि त्यात शेकडो जनुकं नोंदलेली आहेत. एकेकाचा वाटा खिशातल्या चिल्लरीएवढा. बरीच जमली तर रक्कम होते. म्हणून ‘पीसीओएसची जनुक तपासणी’ करून देतो म्हणणाऱ्या कुणाला पैसे देऊ नका. अशी एखादी तपासणी करून आजार होणार की नाही हे आज सांगता येत नाही.

आणि ही चिल्लर दोन्ही खिशांतून येते. मुलीची निम्मी जनुकं वडिलांची. पुरुषाला अंडाशय नाही, त्यामुळे त्याच्यात हा आजार दिसत नाही, पण ती जनुकं त्याच्यातही असतात. २०१८ च्या त्याच अभ्यासात पुरुषांच्या टक्कल पडण्याशी पीसीओएसच्या जनुकांचा संबंध आढळला. रुग्ण मुलींच्या वडील-भावांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाणही जास्त दिसतं. तेव्हा ‘आमच्या घरात असलं कुणाला नव्हतं’ या वाक्याची जरा चौकशी करा. तिशीच्या आत टक्कल पडलेला काका, चाळिशीत शुगर निघालेले आजोबा, हनुवटीचे केस गुपचूप उपटणारी आत्या, लग्नानंतर सात-आठ वर्षांनी मूल झालेली चुलत आजी यांपैकी कुणी आठवतं का? पूर्वी पाळी दोन महिन्यांनी आली तर बाई ते अंगावर काढायची. सोनोग्राफी नव्हती आणि लग्न लवकर, बाळंतपणं लागोपाठ, त्यामुळे वर्षाला किती पाळ्या आल्या हे मोजायला सवडही नव्हती. नाव नव्हतं म्हणून आजार नव्हता, असं होत नाही. आजही जगातल्या सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्ण स्त्रियांना आपल्याला हे आहे याचा पत्ता नसतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे मी सासूबाईंवर बाजू उलटवायला सांगत नाही. दोष कुणाच्याच पारड्यात टाकता येत नाही, म्हणून सांगतो. आपल्याकडे मुलीच्या अंगातलं प्रत्येक दुखणं तिच्या आईच्या खात्यावर मांडायची सवय आहे, आणि या बाबतीत ते शास्त्रालाही धरून नाही.

‘मुलगी तर बारीक आहे’ या शंकेचं उत्तर तुमच्या गावापासून फार लांब शोधावं लागत नाही. परळच्या त्याच संस्थेनं मुंबईतल्या पंधरा ते चोवीस वर्षांच्या मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. रॉटरडॅमच्या निकषांनी साडेबावीस टक्के मुलींत पीसीओएस निघालं, जास्त कडक निकष लावले तर १०.७ टक्के. मोजपट्टी बदलली की आकडा निम्मा होतो, त्यामुळे ‘दर पाच मुलींत एक’ असं कुठे वाचलं तर कोणती मोजपट्टी लावली ते विचारावं. पण माझ्या मते त्या पाहणीतली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळी आहे : निदान झालेल्या मुलींपैकी दहातल्या सातजणी लठ्ठ नव्हत्या.

हे कसं? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, सडपातळ आया. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर तुलनेला घेतलेली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे हातपाय, पोट, स्नायू सगळं त्यांच्यापेक्षा लहान निघालं. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ वजनानं बारीक, पण आतून चरबीचं प्रमाण जास्त. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचा फोटो छापून हेच दाखवलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

तुमची मुलगी वजनकाट्यावर बारीक आहे, हे खरं. काटा हाड, स्नायू आणि चरबी वेगवेगळी करून दाखवत नाही. स्नायू कमी आणि पोटाच्या आत चरबी जास्त असली की बीएमआय नॉर्मल असूनही शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. त्यावर जनुकांचीही भर असते : इन्सुलिन ज्या कुलपाला लागतं, त्याच्या जनुकातला एक बदल सडपातळ भारतीय रुग्ण स्त्रियांत जास्त आढळतो, हे परळच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं. वजन वाढलं तर हे सगळं अधिक बिघडतं, यात शंका नाही. लठ्ठपणाकडे कल देणारी जनुकं असलेल्या स्त्रियांत पीसीओएसही जास्त दिसतं, म्हणून वजन हे नुसतं लक्षण नव्हे, कारणही आहे. पण ते एकमेव कारण नाही, आणि बारीक असणं म्हणजे सुटका नव्हे.

परिस्थितीचा परिणाम जन्मापूर्वीच सुरू होतो, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. गाभण मेंढ्यांना आणि माकडिणींना पुरुषी हार्मोन देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या पोटी आलेल्या माद्यांत पुढे पीसीओएससारखीच लक्षणं उमटली. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी आणखी एक दुवा शोधला. एएमएच नावाचं अंडाशयाचं हार्मोन पीसीओएस असलेल्या काही गरोदर स्त्रियांत वाढलेलं होतं, आणि तेच गाभण उंदरांना दिल्यावर त्यांच्या पिल्लांत तशीच लक्षणं आली. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींत पीसीओएस असलेल्या आयांच्या मुलींत हे निदान पाचपट जास्त दिसलं. यात किती वाटा जनुकांचा आणि किती गर्भाशयातल्या हार्मोनचा, हे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. जनुकांचा क्रम न बदलता त्यांच्यावर रासायनिक खुणा उमटतात आणि काही जनुकं मंद होतात, काही जोरात चालू लागतात. ‘आनुवंशिक की परिस्थितीमुळे’ असा सरळ दोन कप्प्यांचा प्रश्न इथे बसत नाही, तो यामुळेच.

आता शेजारच्या काकूंची इंद्रायणी. नदीवर दरवर्षी पांढरा फेस येतो, हे आळंदीकरांना मी सांगायला नको. पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी तिच्यात येतं आणि साबण-डिटर्जंटसारख्या द्रव्यांचा हा फेस होतो. ज्या नदीकाठी वारकरी श्रद्धेनं आचमन करतो, तिची ही अवस्था संताप आणणारी आहे, आणि ती सुधारावी असा आग्रह धरायला पीसीओएसचं निमित्त लागत नाही. पण या आजाराचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. हा आजार जगभर आढळतो. बाळंतपणाच्या वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांत तो असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इटलीतल्या व्हॅलिस्नेरी नावाच्या वैद्यानं १७२१ मध्ये एका मूल नसलेल्या शेतकरी बाईची कबुतराच्या अंड्याएवढी, चकचकीत पांढरी, उंचसखल अंडाशयं वर्णन करून ठेवली आहेत. तेव्हा प्लॅस्टिकही नव्हतं आणि रासायनिक कारखानेही.

तरी काकूंची शंका अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखी नाही. काही रसायनं शरीरातल्या हार्मोनची नक्कल करतात. त्यांतलं प्लॅस्टिकमधलं बिस्फेनॉल-ए पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या रक्तात जास्त सापडल्याचे अभ्यास आहेत. मात्र पुरुषी हार्मोन वाढलं की हे रसायन शरीराबाहेर टाकायलाही वेळ लागू शकतो. म्हणजे रसायनामुळे आजार की आजारामुळे रसायन साठलं, हा पेच उरतोच. तोवर एक साधी गोष्ट करता येते : टपरीवरचा उकळता चहा पातळ पिशवीत पार्सल आणू नका, आणि डब्यातली गरम भाजी प्लॅस्टिकऐवजी स्टीलमध्ये द्या.

मुलीच्या नोकरीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते महत्त्वाचं आहे. कंपनीच्या बसमध्ये तास-दीड तास बसून जाणं, एका आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आणि पुढच्या आठवड्यात सेकंड किंवा नाइट, मधल्या सुट्टीत वडापाव आणि गोड चहा, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोप. यानं पीसीओएस निर्माण होतं असं मी म्हणणार नाही. तिची पाळी नोकरीआधीपासूनच लांबलेली असावी. पण झोप मोडली, स्नायूंना काम नाही आणि पोटात सारखं मैदा-साखर, तर इन्सुलिनचं गणित बिघडतं आणि जनुकांनी आधीच झुकवलेला तोल आणखी झुकतो. तुम्हाला हात घालता येईल अशी जागा हीच आहे.

गोळ्यांचं ओझं मात्र मनातून आजच उतरवा. पत्रात तुम्हीच लिहिलंय की पाळी तीन वर्षांपासून लांबते, आणि गोळ्या दिल्या मागच्या वर्षी. कारण परिणामाच्या नंतर येत नाही. पाळी पुढे ढकलायच्या गोळीत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं, प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध. ते गर्भाशयाचं अस्तर काही दिवस धरून ठेवतं. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि औषध शरीरातून निघून जातं. त्यानं पीसीओएस होत नाही. उलट, ज्यांची पाळी महिनोन्महिने येत नाही त्यांना पाळी आणण्यासाठी डॉक्टर याच जातीची औषधं देतात. पुढच्या वेळी मात्र परस्पर मेडिकलमधून आणू नका. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा इतिहास किंवा यकृताचा आजार असेल तर ती गोळी धोक्याची ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून घ्या.

आता धाकटीचं. अमेरिकेत १९९८ मध्ये पीसीओएस असलेल्या ऐंशी स्त्रियांच्या बहिणी तपासल्या, तेव्हा २२ टक्के बहिणींत आजार पूर्ण रूपात निघाला आणि आणखी २४ टक्क्यांत पाळी नियमित असूनही पुरुषी हार्मोन वाढलेलं होतं. म्हणजे धोका इतर मुलींपेक्षा जास्त, पण निम्म्याहून अधिक बहिणी मोकळ्या. तेराव्या वर्षी पाळी मागेपुढे होणं साहजिक आहे, लगेच सोनोग्राफीला नेऊ नका. कॅलेंडरवर तारखा मांडा. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावरही ती पस्तीस दिवसांपेक्षा लांबत असेल, किंवा पहिल्या वर्षानंतर कधीही तीन महिन्यांचा खंड पडला, तर दाखवा. तोवर तिला पळू द्या, कबड्डी-खोखो खेळू द्या. दहावी आली म्हणून मैदान बंद करू नका.

थोरलीला आधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि अॅड्रिनल ग्रंथीचा एक आजार नाही ना, हे रक्त तपासून पाहावं लागतं. झालं नसेल तर डॉक्टरांना विचारा. साखर तपासताना नुसती उपाशीपोटी न तपासता ग्लुकोज पिऊन दोन तासांनीही तपासून घ्या, कारण बारीक मुलींत सुरुवातीचा बिघाड तिथे दिसतो. पाळी तीन महिन्यांहून जास्त लांबू देऊ नका. अस्तर साचत राहणं पुढे गर्भाशयाला घातक असतं. जिचं वजन जास्त आहे तिला पाच ते दहा टक्के वजन उतरवूनही पाळी सुधारताना दिसते. तुमच्या मुलीला वजन उतरवायची गरज नसेल, तिला स्नायू कमवायची गरज आहे : जिने, दोरीउड्या, वजन उचलण्याचा व्यायाम, आणि ताटात डाळ, उसळ, अंडं किंवा दही. उपाशी ठेवू नका, त्यानंही पाळी बंद पडते. एकादशी जरूर करा, पण साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याच्या पापडांवर दिवस काढण्यापेक्षा शेंगदाण्याची आमटी, भगर, ताक आणि एखादं फळ बरं.

आळंदीत लग्नाचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही, तर तेही. पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे. बीज उशिरा सुटतं, कधीच सुटत नाही असं क्वचित होतं. बहुतेकींना मूल होतं, काहींना त्यासाठी लेट्रोझोलसारख्या गोळ्या घ्याव्या लागतात. बघायला आलेल्यांपासून ही गोष्ट लपवू नये, आणि पोरीला तर तिच्या स्वतःच्या शरीराबद्दल कधीच अंधारात ठेवू नये. कॅलेंडरवर तारखा तिनेच मांडाव्यात, रिपोर्टची फाइल तिच्या हातात असावी. तिच्या रक्ततपासणीला जाल तेव्हा वडिलांची आणि तुमचीही साखर व रक्तदाब तपासून घ्या. पीसीओएस असलेल्या मुलीच्या आईवडिलांत मधुमेहाचा धोका जास्त असतो आणि तो बरेचदा असाच, मुलीच्या निमित्तानं सापडतो.